मधुमेहात भाकरी कमी करताय? या चुका टाळा

सकाळचे अकरा वाजले असतील. फुलं निवडता निवडता आत्या घामाने डबडबली, हात थरथरायला लागले. रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर आकडा आला ५८. चार दिवसांपूर्वी तिने पोळी-भात बंद केला होता. नाश्त्याआधीची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने चालू! पोटात काय गेलंय याची चौकशी ही गोळी करत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. टोचायच्या इन्सुलिनचंही तेच. त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक ही, की ताट बदललं आणि डॉक्टरांच्या कानावर घातलं नाही. आधी डोस ठरवून घ्या, भाकरी मग कमी करा.

आकडा ७० च्या खाली गेला तर पथ्य बाजूला ठेवायचं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आत्या तेव्हाही "साखर नको गं" म्हणत होती.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा. त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्या चालू असताना कर्बोदकं अगदीच तोडली किंवा कडक उपास केला, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ) साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मीटरवर शुगर फारशी वाढलेली नसते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांना "पित्त झालंय" म्हणून अंगावर काढू नका. टाइप १ मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर हे प्रयोग घरच्या घरी नकोतच.

"गहू सोडला, ज्वारीवर आलो" असं सांगणारे बरेच भेटतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही ६५-७० ग्रॅम कर्बोदकं असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या जेवणातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं दिसलं, आणि तांदळाच्या जागी नुसतं गहू किंवा भरड धान्य आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. भाकऱ्या किती खाल्ल्या ते मोजा. एकादशीच्या साबुदाण्याबद्दल काय बोलावं, तो जवळपास निव्वळ स्टार्च.

सल्ला देणाऱ्यांचीही एक चूक आहे. ते रुग्णाची रेशनची पिशवी बघत नाहीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. डाळ त्या हक्कात नाही. फुकट मिळतं तेच कमी खा आणि विकतचं वाढवा, हा सल्ला घरी किती दिवस टिकणार? बदाम-पनीरचा तक्ता अशा घरात फ्रिजवर चिकटलेलाच राहतो. त्यापेक्षा तीनऐवजी दीड भाकरी, मटकीची नाहीतर चवळीची उसळ वाटीभर जास्त, पालेभाजी, बिनसाखरेचं ताक, जमलं तर अंडं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी मात्र विचारा.

आठ दिवसांत एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून नाउमेद होऊ नका, त्यात साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दिसते. रोजचा अंदाज हवा असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा.

आत्याच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी निम्मा केला. दीड भाकरी अजून चालू आहे, आणि साखरेची पुडी आता पर्समध्ये असते.