मोठी चेनसॉ घेताय? आधी सुतळीनं बुंधा मोजा

वसमत-हिंगोलीकडं हळद शिजवायचे दिवस आले की जळणाला एकदम मागणी येते. बांधावरच्या जुन्या बाभळी, वाळलेली चिंच, पडलेला लिंब, सगळ्यांची आठवण त्याच महिन्यांत होते. घरची ४५ सीसीची मशीन मग अपुरी वाटू लागते आणि आपण दुकानात जाऊन म्हणतो, "सगळ्यात मोठी दाखवा." मीही तेच म्हणालो होतो. ३० इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) मशीन आणली आणि वर्षातले बहुतेक दिवस ती शेतातल्या आखाड्यावर पडून राहिली. रोजचं लाकूड फूट-सव्वा फुटाचं होतं, तेवढ्यासाठी ती उचलावीशी वाटत नव्हती. पैसे गुंतले ते गुंतलेच. तुमचे तसे गुंतू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी माप घ्या

वर्षभरात कापलेली दहा-बारा झाडं आठवा. त्यांचे बुडखे अजून शेतात असतील तर उत्तमच. जिथं कापता तिथं सुतळी गुंडाळा, घेर इंचांत मोजा आणि ३.१४ नं भागा. घेर ४ फूट भरला तर बुंधा साधारण १५ इंच जाड, ६ फूट भरला तर २३ इंच. बुंधा लांबून पाहिला की नेहमी आहे त्यापेक्षा जाड वाटतो, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

बार बुंध्यापेक्षा दोनेक इंच लांब असला की एका बाजूनं काम होतं. हात बसलेला माणूस २० इंची बारनं २३ इंचाचा बुंधाही दोन्ही बाजूंनी उतरवतो. म्हणून वर्षात एखाद्याच येणाऱ्या जाड चिंचेसाठी मशीन घेऊ नका, दहातली आठ झाडं कशी असतात ते बघून घ्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडं मोसंबीच्या बागा वाळल्या. तसल्या बागा काढायला ४५ सीसी भरपूर झाली.

बार आणि इंजिनाची जोडी जुळवा

कडक लाकडात २० इंची बारला ६० सीसीच्या आसपास, २४-२५ इंचीला ७० च्या पुढं आणि ३० इंचीच्या वर जायचं तर ९० सीसीच्या घरातलं इंजिन लागतं. लहान इंजिनावर लांब बार चढवला की वाळक्या बाभळीत चेन मंदावते, क्लच घसरून तापतो आणि आपण जोर लावत बसतो.

खोक्यावरच्या सीसीवर मात्र सगळा भरवसा टाकू नका, किलोवॅटचा आकडा मागा. चांगल्या कंपनीची ७० सीसीच्या वरची व्यावसायिक मशीन ४ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे पाच हॉर्सपॉवरहून जास्त ताकद देते. दुकानदाराला किलोवॅट सांगताच येत नसेल तर ती मशीन तिथंच ठेवा.

तोटे संध्याकाळी कळतात

दुकानात पाच मिनिटं हातात धरलेली मशीन हलकीच वाटते. ७० सीसीच्या मशीनचं लिहिलेलं वजन सहा-साडेसहा किलो असतं, पण ते बार, चेन, पेट्रोल आणि ऑईल सोडून. २५ इंची बार लावून दोन्ही टाक्या भरल्या की आणखी अडीच-तीन किलो चढतात. ९० सीसीचं नुसतं इंजिनच सात-आठ किलोचं. पडलेल्या ओंडक्यावर ते वजन लाकूडच पेलतं, तिथं मोठी मशीन सुखाची. फांद्या सवळताना मात्र सगळा भार कमरेवर आणि मनगटावर येतो. म्हणून मोठी घेतली तरी जुनी छोटी विकू नका. फांद्यांना छोटी, बुंध्याला मोठी, असंच काम करा.

दुसरा तोटा थरथरीचा. रात्री जेवताना बोटांना मुंग्या येतात, थंडीत बोटं पांढरी पडतात. हे अंगावर काढायचं दुखणं नाही, नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम आहे. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का, ते हलवून बघा. एक टाकी संपली की हात मोकळे करा. आवाज कानापाशी १०० डेसिबलच्या वर जातो. कापसाचा बोळा त्याला पुरत नाही, इअरमफच लागतात.

चालू करायची दोरी ओढताना मोठं इंजिन हाताला झटका देतं. डिकम्प्रेशनचं, म्हणजे इंजिनातला दाब कमी करणारं बटण असेल तर ओढणं सोपं जातं, ते आहे की नाही विचारा. पेट्रोल आणि चेन ऑईल दोन्ही जास्त खपतं. चेन लांब, म्हणजे दात जास्त, म्हणजे कानस चालवायला वेळही जास्त. ३/८ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला बहुधा ५.२ किंवा ५.५ मिमीची गोल कानस लागते. तुमच्या चेनला नेमकी कोणती, ते पुस्तिकेत बघूनच घ्या. आपल्याकडं बुंध्याला माती चिकटलेली असते, आत कुंपणाची तार किंवा पाटीचा खिळा गेलेला असतो. तिथं धार एका फटक्यात जाते. बुडाची माती झाडून आणि साल तासून मगच बार लावा.

आणि ज्यानं जीव जाऊ शकतो ते म्हणजे उसळी. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उलटून तोंडाकडं येते. लांब बारचं टोक नजरेआड पलीकडं असतं, त्यामुळं धोका वाढतो. हेल्मेट, तोंडावरची जाळी, बूट आणि पायाला चेन अडवणारी पँट यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

घेताना दुकानातच तपासा

मशीन चालू करून रेस सोडा. चेन जागेवर थांबलीच पाहिजे. पुढचा हातरक्षक ढकलला की ब्रेक लागून चेन तत्काळ थांबली पाहिजे. बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून रेस द्या. कागदावर ऑईलची रेघ उमटली तर पंप ठीक आहे. चेन ऑईलऐवजी जळकं ऑईल टाकायची सवय असेल तर ती सोडा, त्यातले धातूचे कण पंप आणि बार दोन्ही खातात. मग मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा ओढा. मे महिन्यातल्या ४२ अंशांत गरम मशीन सुरू न होणं हीच सर्वांत मोठी कटकट असते, ती इथंच कळू द्या.

जुनी घेत असाल तर सायलेन्सर खोलायला लावा. आत पिस्टन दिसतो. त्यावर उभे ओरखडे असतील तर किंमत कितीही पडो, घेऊ नका.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न मी शेवटी विचारला होता, तो तुम्ही आधी विचारा. बिननावाच्या मशीनचा एक क्लच यायला मला ऐन हळदीत अठरा दिवस लागले. नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर, जे जवळ असेल तिथं फोन लावून विचारा: बार, चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), क्लच, दोरी आज दुकानात आहे का?

पहिल्या आठवड्यात

पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑईलचं मिश्रण लागेल तेवढंच करा, महिनाभर कॅनमध्ये ठेवू नका. पुस्तिकेत १:५० लिहिलं असेल तर ५ लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक ऑईल, मापानंच. एअर फिल्टर रोज साफ करा, आपल्या धुळीत दोन दिवसही काढता येत नाहीत.

तोडायच्या आधी परवानगीचं बघा. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं येतात, मग ती स्वतःच्या शेतात का असेनात. शहरात १९७५ चा वेगळा कायदा लागतो.

नवी चेन पहिल्या दिवशी लवकर सैल होते. अर्ध्या तासानं मशीन बंद करा, चेन गार होऊ द्या, बारचे नट सैल करा, टोक वर उचलून धरा आणि चेन खालून लोंबणार नाही पण हातानं सहज फिरेल एवढी ताणा. दुपारी पुन्हा एकदा बघा.