पॅनेलिंगच्या भिंतीवर टीव्ही कसा लावावा

ठाणे, मुलुंड, कांदिवलीकडच्या नव्या टॉवरमध्ये हॉलची एक भिंत बहुतेक जण पॅनेलने मढवतात. ती दिसते सुरेख, पण टीव्हीचं वजन पेलायची ताकद त्या पॅनेलमध्ये नसते. चारकोल आणि पीव्हीसी पॅनेल आतून हलकी असतात, एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डात) स्क्रूची पकड काही काळाने ढिली पडते. म्हणून टीव्हीचा भार मागच्या खऱ्या भिंतीवरच गेला पाहिजे. बाकी सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी भिंत ओळखा. कोपऱ्यात, जिथे भोक झाकलं जाईल तिथे, बारीक ड्रिल मारून भुकटी बघा. लाल भुकटी म्हणजे वीट. करडी भुकटी आणि ड्रिल पुढे सरकेना, म्हणजे आरसीसी, सळया घातलेलं काँक्रीट. मिवान पद्धतीने, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून, बांधलेल्या इमारतीत बहुतेक भिंती अशाच असतात. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि पांढुरकी भुकटी पडली, तर तो सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक. आरसीसीत लोखंडी अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून पकडणारा बोल्ट) उत्तम बसतो. हलक्या ब्लॉकमध्ये मात्र तोच फास्टनर आवळताना आजूबाजूचा ब्लॉक फोडतो. तिथे लांब नायलॉनचे प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) वापरा. मागे जिप्समचं पार्टिशन निघालं, तर आतल्या चॅनेलला प्लायचा आधार दिल्याशिवाय टीव्ही लावू नका.

पॅनेल अजून लागलं नसेल, तर निम्मं काम सोपं. सुताराला ब्रॅकेटच्या जागी 18 मिमीच्या मरीन प्लायचा तुकडा थेट भिंतीवर ठोकायला सांगा. तो ब्रॅकेटपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा असावा आणि त्याची जाडी पॅनेलच्या फ्रेमएवढी भरावी. कमी पडली तर दोन थर जोडा. फास्टनर प्लास्टर सोडून भिंतीत किमान 50 मिमी गेला पाहिजे. याच वेळी तारांसाठी फ्रेमच्या पोकळीत बसेल असा पीव्हीसी पाइप पॅनेलमागे टाकून घ्या. पाइपसाठी आरसीसी भिंतीत खोबणी मात्र कापू नका. एचडीएमआयचा प्लग पाइपमधून सरकेल ना, हे तेव्हाच बघा. पॉवरची वायर वेगळ्या पाइपातून न्या.

पॅनेल आधीच लागलेलं असेल, तर चूक इथेच होते: लांब स्क्रू पॅनेलमधून आरपार घालून आवळला जातो. मागे पोकळी असल्याने पॅनेल दबतं, तडकतं, आणि स्क्रू खाली झुकतो. त्याऐवजी पॅनेलचा पृष्ठभाग ते भिंत हे अंतर मोजा आणि तेवढ्याच लांबीचे स्टीलच्या पाइपचे तुकडे कापून घ्या. होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पॅनेलला पाइप जाईल एवढं भोक पाडा, पाइप भिंतीला टेकवा आणि बोल्ट त्याच्या आतून घाला. आता नट कितीही आवळला तरी दाब पाइपवर येतो, पॅनेलवर नाही. चारही तुकडे अचूक सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर ब्रॅकेट वाकडा बसतो. पोकळी बरीच खोल असेल तर ही युक्ती टाळा. तेवढा चौकोन कापून आत प्लाय भरा. फ्लुटेड पॅनेलच्या खाचांवर ब्रॅकेट डगमगतो, तिथेही हेच बरं.

पुढे-मागे ओढायचा फिरता ब्रॅकेट मी पॅनेलिंगवर सुचवणार नाही. टीव्ही बाहेर ओढला की वरच्या फास्टनरवरचा ओढा कैक पटीने वाढतो. भिंत आरसीसीची असेल तरच त्याचा विचार करा.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या पाठीवरच्या भोकांमधलं अंतर मोजा, 200 बाय 200 किंवा 400 बाय 400 मिमी असं काही असेल. फास्टनर, होल सॉ मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात, वायरी-बोर्डासाठी लोहार चाळ.

उंची सोफ्यावर बसून ठरवा. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साधारण 42 इंचांवर असावा. ड्रिल मारण्याआधी स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक येत नाही ना, हे तपासा. वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. काम करताना मेन स्विच बंद ठेवा आणि ड्रिल बॅटरीवर चालवा. सोसायटीने ड्रिलिंगच्या वेळा ठरवलेल्या असतात, त्या आधी विचारून घ्या. टीव्ही चढवताना दोन माणसं हवीतच.

भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर पॅनेल लावण्यापूर्वी एक पावसाळा ओल येते का बघा. ओल आली तर एमडीएफ फुगतं आणि साधे स्क्रू गंजतात. दादर, वरळी, वांद्र्यासारख्या समुद्राजवळच्या घरांत स्टेनलेस स्टीलचेच बोल्ट घाला.