मिरगाआधी डेपोशेजारच्या विहिरींची तयारी

कर्नाटकात बेळगावजवळच्या तुरमुरीच्या कचरा डेपोच्या आसपास ज्यांच्या विहिरी-बोअर आहेत, त्यांनी पाणीतपासणीची तयारी धूळवाफ पेरणीच्या गडबडीआधीच उरकावी. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं तिन्ही वेळा तपासायचं होतं; एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत. आपली विहीर त्याबाहेर असली तरी स्वतः नमुना द्यायला कुणाची आडकाठी नाही. उन्हाळ्याचा नमुना तेवढा चुकवू नका. पाणी बिघडलं म्हणायचं तर आधी ते कसं होतं हे कागदावर नको का?

डेपो उभारण्याआधीच्या भूजलाची नोंद ठेवायची अटही २०१६ च्या नियमात होती. ती आणि गेल्या वर्षांचे अहवाल माहिती अधिकारात महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा. कन्नड कागद वाचून सांगणारं कुणी आत्ताच गाठून ठेवा. घरात कॉलेजला जाणारं पोरगं असेल तर तेही चालेल.

विहिरी निवडताना उताराच्या अंगाच्या दोन-तीन घ्या, पण डेपोच्या वरच्या अंगाचीही एक हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? बोअर चालू केल्या केल्या बाटली भरू नका. पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, म्हणजे मोटारीची थ्री फेज वीज कधी येते ते बघूनच वेळ ठरवावी लागेल. बाटल्या प्रयोगशाळेतूनच आणा, मिनरल वॉटरची रिकामी चालत नाही. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, जंतूंसाठीची निर्जंतुक असते आणि ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवावी लागते.

शिसं, कॅडमियम, पारा यांची तपासणी प्रयोगशाळेच्या अर्जात लिहाच, पण पैसे कमी पडले तर क्लोराइड सोडू नका. ते मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर सरळ पुढे सरकतं, त्यामुळे कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याची चाहूल त्यातच आधी लागते. २०१६ च्या नियमातली मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम होती, पण आकडा त्याखाली असूनही दरवर्षी चढत असेल तर ओरड करायला हरकत नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ होती. तिथे मात्र जपून बोला: काठावर उकिरडा असेल किंवा शेतात युरिया पडला असेल, तर समोरचा पहिलं बोट त्याकडेच दाखवणार. तसं काही असेल तर नमुन्यांच्या नोंदवहीत आधीच लिहून ठेवा. लाल मातीतलं लोहही कधी मुळातच जास्त असतं.

अहवालाची झेरॉक्स पंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) देऊन पोच घ्या. डेपो बंद झाल्यावरही किमान १५ वर्षं भूजल तपासत राहायची अट २०१६ च्या नियमात होती, तेव्हा वही जाडच आणा.