स्पोर्ट्स कारच्या ड्रायव्हर सीटची झिजलेली कड: गोव्याच्या हवेत टिकेल अशी दुरुस्ती

दोन दारांच्या बुटक्या गाडीत शिरताना अंगाचा सगळा भार आधी सीटच्या बाहेरच्या कडेवर पडतो, मग माणूस घसरत मध्ये बसतो. उतरताना पुन्हा तेच. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ड्रायव्हर सीटचा उजवा फुगवटा, म्हणजे बोल्स्टर, आधी जातो. डावा बहुधा नव्यासारखाच राहतो.

गोव्यात नुसत्या घासण्यावर भागत नाही. मोरजी-हणजुण्याच्या किनाऱ्यांवरून परतताना कपड्यांना चिकटलेली वाळू असते, ओल्या चड्डीतलं खारं पाणी असतं, घाम असतो आणि चिऱ्यांच्या वाटेवरची लाल धूळ शिवणीत जाऊन बसते. वाळू कातड्याचा वरचा थर खरवडते. सनस्क्रीन आणि हँड सॅनिटायझर तो थर मऊ करतात आणि मऊ झालेला थर पुढच्या उतरण्या-बसण्यात निघून जातो. जीन्सचे तांब्याचे रिव्हेट आणि मागच्या खिशातली किल्ली उरलेलं काम करतात.

बहुतेक लोक थेट रंगाची बाटली आणतात. रंग ही शेवटची पायरी आहे. आतला फोम बसला असेल तर वरचं कातडं सैल पडून रोज त्याच जागी दुमडतं, आणि तिथे कितीही चांगला रंग मारला तरी काही महिन्यांत त्याच घडीवर तो तडकतो.

आधी काय बिघडलंय ते बघा

दोन्ही कडांवर एकाच वेळी अंगठे दाबा. डाव्या कडेवरचा अंगठा उचलताच फोम वर येतो. उजव्या कडेवर खळगा राहिला, किंवा आत लोखंडी फ्रेम टोचली, तर फोम गेला आहे. मग कव्हर काढावंच लागेल.

त्यानंतर कातडं ओळखा. न झिजलेल्या, नजरेआडच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर तसाच उभा राहिला तर कातड्यावर रंगाचा आणि पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर आहे. बहुतेक गाड्यांत हेच असतं आणि पुढची सगळी कृती त्याच्यासाठीच आहे. थेंब जिरून गडद डाग पडला तर ते ॲनिलिन प्रकारचं उघडं कातडं. ते घरी रंगवायच्या फंदात पडू नये. रेक्झिन ओळखायला कव्हरची उलटी बाजू बघा. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, केसाळ लव दिसली तर कातडं. 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या कित्येक गाड्यांत फक्त अंग टेकतं तेवढाच भाग कातड्याचा असतो. बाजू आणि पाठ रेक्झिनची असते. म्हणून जी जागा दुरुस्त करायची तीच तपासा.

अल्कांटारा किंवा तत्सम सुएडसारखं कापड असेल तर फिलर आणि रंग विसरा. गोळे आले असतील तर ते कपड्यांच्या लिंट शेव्हरने हलक्या हाताने काढा, डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसा, आणि वाळताना मऊ ब्रशने तंतू उभे करा. टक्कल पडलं असेल तर तेवढा तुकडा बदलायचा, दुसरा इलाज नाही.

सीट काढताना एअरबॅग

पुष्कळ गाड्यांत पाठीच्या बाहेरच्या कडेत साइड एअरबॅग असते. शिवणीजवळ तसं लेबल दिसतं. क्रम चुकवू नका. सीट पूर्ण मागे नेऊन पुढचे बोल्ट सोडवा, मग पुढे नेऊन मागचे. इलेक्ट्रिक सीट असेल तर हे बॅटरी जोडलेली असतानाच उरका, नाहीतर सीट हलणार नाही आणि मागचे बोल्ट तसेच अडकून राहतील. मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि कंपनीच्या पुस्तकात जास्त वेळ सांगितला नसेल तर किमान १५ मिनिटं थांबा. त्यानंतरच सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवा. सीट बाहेर असताना इग्निशन चालू करू नका; एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुधा स्कॅनर जोडल्याशिवाय जात नाही. बोल्ट परत बसवताना टॉर्क रेंच वापरा, आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. सीटबेल्टचा भार याच बोल्टांवर येतो.

पाठीच्या कडेची एअरबॅगवरची शिवण मुद्दाम ठरावीक ताकदीच्या धाग्याने घातलेली असते, कारण अपघातात ती फाटूनच पिशवी बाहेर येते. ती उसवली असेल तर साध्या धाग्याने घरी किंवा बाजारात शिवून घेऊ नका. पाठीचं तेवढं कव्हर कंपनीकडूनच घ्या. बसायच्या गादीच्या कडेत सहसा एअरबॅग नसते, आणि नशिबाने जास्त झीज तिथेच असते.

फोम भरणं

गादीचं कव्हर खालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आणि तारेच्या सी-रिंगांनी फोममधल्या तारेला अडकवलेलं असतं. रिंगा कटरने तोडा, ओढून काढू नका. ओढलं की फोम फाटून आतली तारच वर येते. नव्या रिंगा आणि त्या दाबायची पक्कड आधीच आणून ठेवा. सीट गरम करणारी जाळी फोमवर चिकटवलेली असेल तर तिला सुरी लागू देऊ नका.

आत बघितलं की बहुधा एकच चित्र दिसतं: कडेचा फोम वरून दबलेला आणि खालून फ्रेमच्या धारेवर घासून भुगा झालेला. भुगा झालेला भाग धारदार सुरीने तिरका कापून चांगला फोम लागेपर्यंत काढा. त्या जागी रिबाँडेड फोमचा, म्हणजे फोमचे बारीक तुकडे दाबून चिकटवलेल्या कडक फोमचा, तुकडा बसवा आणि वरून ४० डेन्सिटीच्या फोमचा ८ ते १० मिलिमीटरचा थर द्या. नुसता मऊ फोम भरला तर वर्षभरात पुन्हा बसतो. नुसता रिबाँडेड ठेवला तर मांडीला दगड लागल्यासारखं होतं. तुकडा मूळ आकारापेक्षा ३ ते ५ मिलिमीटर वर राहील असा कापा, म्हणजे कव्हर ताणून बसेल. त्याहून जास्त ठेवला तर ताण शिवणीवर जातो आणि ती उसवते.

रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मगच जोडा. थापून लावलेलं सोल्यूशन वाळून कडक होतं. मग सांधा बसताना करकरतो. सांध्यावरून तळहात फिरवा. पायरी लागली तर ती कातड्यातूनही दिसणार, म्हणून आताच घासून घ्या. फ्रेमच्या धारेवर जाड फेल्ट किंवा कॅनव्हास चिकटवायला विसरू नका, नाहीतर नवा फोमही त्याच वाटेने जाईल.

साफसफाई, मग फिलर

लेदर क्लीनरचा फेस मऊ ब्रशवर घ्या, सीटवर ओतू नका. गोल फिरवत घासा आणि पांढऱ्या मायक्रोफायबरने टिपा. मळ येणं थांबेपर्यंत हेच चालू ठेवा. भांड्यांचा साबण आणि सोडा नको. पुष्कळदा 'रंग गेला' म्हणून दाखवलेली कड इथेच निम्मी सुधारते, कारण ती चमक मळाची आणि घामाच्या तेलाची असते. लाल मातीचे डाग धाग्यातून पूर्ण जात नाहीत. काजूच्या बोंडूचा रस सांडला असेल तर त्याचाही डाग सहसा हटत नाही. त्यावर रंगच चढवावा लागतो.

मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. कापडावर किंचित रंग उतरला पाहिजे, म्हणजे वरचा थर नवा रंग धरायला तयार झाला. भिजवू नका, कातडं कोरडं पडतं. सीटवर पूर्वी डॅशबोर्डचं चमकदार पॉलिश मारलं असेल तर प्रत्येक वेळी नवं कापड घेऊन हे तीन-चारदा करा. त्यातलं सिलिकॉन राहिलं की नवा रंग आकसून गोल पोकळ्या पडतात, आणि मग सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात.

केसाएवढ्या भेगा असतील तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने कोरडंच, हलक्या हाताने घासा आणि ६०० नंबरने संपवा. कातडं खरबरीत होऊन तंतू सुटले असतील तर आधी लेदर बाइंडर, म्हणजे सुटे तंतू बांधणारं पातळ द्रव, स्पंजने चोळून जिरवा, पाच-सहा पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळवून. तंतू बसले की लवचीक लेदर फिलर प्लास्टिकच्या पट्टीने भेगेत दाबा आणि वरचा सगळा निपटून घ्या. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. जाड फिलर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि गाडीत बसताच खपली होऊन निघतो. दोन-तीन पातळ थर, मध्ये ६०० नंबर.

फाटलेल्या जागी आधी खालून ठिगळ हवं. फाटीपेक्षा सर्व बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठा पातळ, मजबूत कापडाचा तुकडा चिमट्याने आत सरकवा, लवचीक लेदर ग्लू लावा, कडा जुळवा, वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. वरून फिलर नंतर. शिवणीला लागून फाटलं असेल तर हे टिकत नाही, पॅनेल, म्हणजे कव्हरचा शिवलेला तेवढा तुकडा, बदला.

रंग आणि टॉपकोट

पाण्यावर आधारलेला लेदर कलरंट घ्या. एका सीटच्या दोन कडांना ५० ते १०० मिली पुरतो. शेड जुळवायची ती साफ केलेल्या कातड्याशी, तीही नजरेआडच्या जागेशी. उन्हात राहिलेला भाग फिका पडलेला असतो. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात, म्हणून थेंब लावून वाळवा आणि मगच ठरवा. दिवसाच्या उजेडात बघा, गॅरेजच्या ट्यूबखाली नको.

पहिला हात स्पंजने थोपटून, भेगांत आणि शिवणीच्या कडेला जाईल असा. पुढचे तीन ते पाच हात एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या छोट्या फवारणीने, धुक्यासारखे पातळ, कडेबाहेर विरत जाणारे. धागा वेगळ्या रंगाचा असेल तर त्यावर मास्किंग टेप लावा. आपल्याकडच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि एअरब्रशमधून थुंकीसारखे थेंब उडतात. टाकी रोज रिकामी करा आणि नळीला मॉइश्चर ट्रॅप लावा. प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर कोमट ठेवून, हातभर अंतरावरून फिरवा. हाताला चिकट लागलं तर पुढचा हात देऊ नका.

टॉपकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, मॅट किंवा सॅटिन घ्या. ग्लॉसी मारलेली कड एकदम ओळखू येते. बाटली चांगली हलवा. मॅट करणारी पूड तळाशी बसते. न हलवता ओतलं तर पहिला हात चमकतो आणि शेवटचा पांढुरका दिसतो. तीन पातळ हात पुरेत. सोबत क्रॉसलिंकर, म्हणजे थर जास्त टणक करणारं मिश्रण, आला असेल तर कडेसाठी वापराच, प्रमाण लेबलवरचं आणि मिसळायचा तेवढ्याच वेळापुरता; उरलेलं मिश्रण उद्या कामाचं नाही. २४ तास कुणी बसायचं नाही आणि आठवडाभर क्लीनर लावायचा नाही.

हे सगळं पाऊस ओसरल्यावर, शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. जून ते सप्टेंबरमध्ये करायचंच असेल तर सीट घरात आणा, खोली बंद करून एसी 'ड्राय' मोडवर ठेवा आणि वाळायचा प्रत्येक वेळ दुप्पट धरा. चवथीच्या आधी गाडी चकाचक हवी म्हणून घाईत मारलेला रंग सणातच पँटला लागतो.

कुशनवाल्याकडे द्यायचं असेल तर

म्हापसा, मडगाव, फोंडा इथे गाड्यांच्या सीट शिवणारे कारागीर मिळतात. हात चांगला असतो, पण काय हवं ते आपणच स्पष्ट सांगावं लागतं. फक्त झिजलेलं पॅनेल बदलायचं, सगळं कव्हर नाही. कातडं १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं, दाणा मूळ कातड्याशी जुळणारा. उसवण्याआधी सांध्यांवर खुणा करून घ्यायच्या आणि जुनं पॅनेलच कागदी साच्याऐवजी वापरायचं. ते ताणलेलं असल्यामुळे कडेच्या लांबीत नवं पॅनेल किंचित कमी कापायचं की नाही, हे फोमवर बसवून ठरवायचं. धागा बाँडेड पॉलिस्टर. नायलॉन उन्हात लवकर कुजतो. वरून चढवायचं तयार सीटकव्हर कुणी सुचवलं तर एअरबॅगच्या सीटला नाही म्हणा.

त्यानंतरची निगा थोडकी आहे. बसताना स्टिअरिंग वर करा, सीट मागे घ्या, आधी बूड मध्ये टेका आणि मग पाय आत घ्या. समुद्रावरून येताना सीटच्या गादीवर सुती टॉवेल टाका, पाठीच्या कडेवर नको. महिन्याला एकदा क्लीनर, तीन-चार महिन्यांनी लेदर प्रोटेक्टर. खोबरेल, बूटपॉलिश आणि 'कातडं मुरवणारी' तेलं लावू नका. रंगाच्या थरातून ती आत जात नाहीत, वर चिकट राहून धूळ धरतात.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर आधी सीट कोरडी, साफ करून ठेवा, कारण बुरशीला घामाचा मळ फार आवडतो. आत डिह्युमिडिफायर किंवा सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. डांबरगोळ्या फक्त वास झाकतात. पांढरी बुरशी दिसली तर गाडी बाहेर काढून मास्क लावून पुसा: ७० टक्के अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी, कापड ओलसर, आणि शिवणीच्या खाचेत जुना टूथब्रश. बुरशी सीटखाली आणि बेल्टच्या पट्टीवरही असते, तिथेही बघा.