हायब्रीडचं अ‍ॅव्हरेज पडतंय? या चुका टाळा

नवी हायब्रीड घेतलेला माणूस साधारण तिसऱ्या आठवड्यात फोन करतो. "अरे, सांगितलं होतं त्याच्या जवळपासही अ‍ॅव्हरेज जात नाहीये. गाडीत काही फॉल्ट असेल का?" मी उलट विचारतो, चालवताना तुमची नजर रस्त्यावर असते की गाडी नुसत्या विजेवर चालतेय हे सांगणाऱ्या, स्क्रीनवरच्या त्या हिरव्या 'ईव्ही' अक्षरांवर? बहुतेक वेळा पलीकडून थोडा वेळ आवाजच येत नाही.

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, पण प्लग न लावता चालणाऱ्या हायब्रीडबद्दल बोलतोय. या गाडीत बाहेरून भरायची वस्तू एकच, पेट्रोल. बॅटरीतली वीज कधी ना कधी पेट्रोल जाळूनच आलेली असते. ब्रेकमधून मिळालेली वीजही त्यातलीच, कारण गाडीला तो वेग आधी पेट्रोलनेच दिला होता. एवढं एक डोक्यात बसलं तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. पण ते बसत नाही, कारण गाडी आवाज न करता चालली की आपल्याला फुकटात चालल्यासारखं वाटतं.

इंजिन चालूच होऊ द्यायचं नाही, हा हट्ट

ही चूक मी स्वतः चार महिने केली, त्यामुळे हक्काने बोलतो. माझ्या रोजच्या वाटेवर सिग्नलनंतर एक लांब, मंद चढ आहे. तिथे मी पॅडलवर अंडं ठेवल्यासारखा पाय ठेवायचो. वेग तीसच्या आत, मागे हॉर्नचा गजर, आणि मी स्क्रीनकडे बघून खूश. चढ संपेपर्यंत बॅटरीच्या दोन कांड्या उरायच्या. मग पुढच्या सिग्नलला गाडी जागच्या जागी उभी आणि इंजिन घरघरतंय, बॅटरी भरायला. ते मी मोजतच नव्हतो.

एकदा उशीर झाला म्हणून सरळ माणसासारखी चालवली. सुटताना नीट पॅडल दाबलं, इंजिन लागलं, गाडीने वेग घेतला, पाय उचलला. इंजिन बंद पडलं, मग हलकासा पाय ठेवून गाडी नुसती वाहू दिली. पोचल्यावर बघतो तर महिनाभर १९ वर अडकलेला आकडा त्या फेरीला २२ दाखवत होता. वाटलं स्क्रीन चुकली. पुढचा आठवडाभर मुद्दाम तसंच चालवलं, तर आकडा तिथेच राहिला.

कारण साधं आहे. या गाड्यांची इंजिनं बहुतेक अ‍ॅटकिन्सन सायकल नावाच्या पद्धतीवर चालतात. मध्यम भार असला की ती पेट्रोलाचं चीज करतात, रेंगाळताना मात्र नासाडी करतात. तेव्हा वेग घेताना इंजिनला मनापासून काम करू द्यावं, आणि वेग टिकवायचा असेल तेव्हा त्याला झोपवावं. उलट, आधी सगळी वीज उधळायची आणि मग इंजिनाकडून ती परत भरून घ्यायची, म्हणजे पेट्रोलची वीज, विजेची बॅटरी, बॅटरीची पुन्हा मोटर. प्रत्येक हातबदलात थोडी गळती. शिवाय ही बॅटरी असते केवढी? बऱ्याच गाड्यांत जेमतेम एक युनिट विजेची, आणि कंप्युटर तीही पूर्ण वापरू देत नाही. तिच्याकडे गल्ल्यातली चिल्लर म्हणून बघा, बँकेतली ठेव म्हणून नको.

मी सुटताना डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचा काटा इको पट्ट्याच्या वरच्या भागापर्यंत जाऊ देतो. हवा तो वेग आला की पाय पूर्ण उचलतो आणि मग परत जेमतेम टेकवतो. हा 'पूर्ण उचलणं' प्रकार लोक करत नाहीत, आणि मग इंजिन बंदच होत नाही म्हणून तक्रार करतात. 'ईव्ही' बटण मी फक्त गाडी पार्किंगमध्ये चार हात पुढे-मागे करायला वापरतो. एवढ्यासाठी थंड इंजिन जागं करायला नको म्हणून. व्हिडिओत बघून दिवसभर ते बटण दाबणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय.

ब्रेक मारून कमाई केली, असं समजणं

ब्रेक मारला की चार्जिंगची पट्टी भरते, मग लोक मुद्दाम सिग्नलपर्यंत सुसाट जातात आणि कचकन दाबतात. मोटरला एका दमात ठरावीक एवढीच वीज ओढता येते. त्यापुढचं दाबलेलं सगळं चाकांच्या नेहमीच्या ब्रेकवर जातं आणि उष्णता होऊन उडतं. म्हणून लांबून, हळूहळू दाबा. काटा चार्जिंगच्या पट्ट्यात राहील इतकंच. आणि त्याहून बरं म्हणजे ब्रेकची वेळच येऊ न देणं. लांबवर लाल दिवा दिसला की मी आधीच पाय उचलतो, मागच्याला राग आला तरी.

उतारावर न्यूट्रल करणारे तर माझ्या डोक्यात जातात. जुन्या गाडीची सवय. टोयोटा प्रियससारख्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की 'एन'मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. म्हणजे जिथे वीज आयती मिळाली असती तिथेच तुम्ही दार लावून घेतलं, वर गाडीवरचा ताबाही कमी केला. गिअरच्या दांड्यावरच्या 'बी'चंही तेच. अशा गाड्यांत तो लांब घाटउतारासाठी असतो, बॅटरी भरल्यावर इंजिनाने गाडी रोखून धरायला. रोज 'बी'त चालवून जास्त वीज मिळत नाही. काही मॉडेलमध्ये 'बी'चा अर्थ वेगळा असतो, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल वाचा. ते डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकसकट पडलेलं असतं.

मागच्या सीटजवळची जाळी

भाच्याचा फोन आला. "मामा, मागून केस वाळवायचा ड्रायर चालू असल्यासारखा आवाज येतोय, आणि अ‍ॅव्हरेज पार झोपलंय." एका वर्कशॉपने त्याला बॅटरी संपत आली असं सांगून घाबरवून ठेवलं होतं. मी गाडीत मागे डोकावलो. सीटवर घडी घातलेलं ब्लँकेट, त्यावर बॅग, आणि दोन्ही बरोब्बर सीटच्या बाजूच्या जाळीला चिकटून. बॅग उचलली, जाळी काढली, तर आतल्या फिल्टरवर कुत्र्याच्या केसांचा चक्क नमदा तयार झाला होता.

बऱ्याच हायब्रीडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा मागे असते आणि तिला थंड ठेवायला केबिनमधलीच हवा या जाळीतून ओढली जाते. वाट बंद झाली की पंखा बोंबलतो, बॅटरी तापते, आणि कंप्युटर तिला जपायला तिची देवाणघेवाण कमी करतो. मग सगळा भार इंजिनावर. व्हॅक्यूमने फिल्टर साफ केला, ब्लँकेट डिकीत टाकलं. तीच बॅटरी अजून चालतेय. मी स्वतः महिन्यातून एकदा त्या जाळीला हात लावून बघतो. फक्त आत केशरी रंगाची केबल दिसली तर हात मागे घ्या, ती उच्च दाबाची असते.

यावरूनच एसीची गोष्ट. कडक उन्हात एसी बंद ठेवून घामाघूम होणारे बॅटरीलाही घाम फोडतात, कारण ती तापलेली हवाच बॅटरीला जाते. माणसाला बरं वाटेल ते तापमान तिलाही बरं. हीटरचं उलटं: बहुतेक गाड्यांत ती ऊब इंजिनातून येते, म्हणून थंडीत हीटर फुल ठेवला की सिग्नललाही इंजिन बंद होत नाही. दोन-तीन अंश खाली आणा.

बाकीचं भराभर

टायरची हवा बघा, पण चमत्काराची आशा नको; १ पीएसआय कमी झाली तर साधारण ०.२ टक्के मायलेज जातं. जास्त नुकसान होतं ते मूळचे कमी घर्षणाचे टायर काढून दिसायला रुंद टायर टाकल्यावर. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. "जरा जाड टाका, इंजिनला बरं असतं" म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून निघा. छतावरचा रिकामा कॅरियर काढा. हायवेवर १०० ला हवेचा अडथळा ८० च्या दीडपटीहून जास्त असतो, तिथे कुठलीही हायब्रीड काही करू शकत नाही. माइल्ड हायब्रीड, म्हणजे जिची छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते ती, सहसा नुसत्या विजेवर चालत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाच ठेवू नका. आणि प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करायची हायब्रीड, घेऊन चार्जच न करणाऱ्यांनी ते वजन का विकत घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही.

थंड इंजिन मात्र लक्षात ठेवा. सकाळी बॅटरी भरलेली असली तरी इंजिन लागतं, कारण धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर साफ होत नाही. पाच-पाच मिनिटांच्या चार सुट्या फेऱ्या केल्या तर चारही वेळा हे पेट्रोल मोजावं लागतं. मी कामं एकत्र करतो आणि सगळ्यात लांबचं काम आधी उरकतो. इंजिन एकदा नीट तापलं की परतीच्या वाटेवरच्या छोट्या थांब्यांनंतर गाडी गुमान विजेवर निघते.

आणि फोन करण्याआधी आकडा खरा काढा. स्क्रीन थोडं गोड बोलते. पहिल्यांदा नोझल आपोआप बंद होईल तिथेच भरणं थांबवा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं निदान चार टाक्या. एका टाकीवरून गाडी बिघडली म्हणणाऱ्यांचा फोन मी हल्ली संध्याकाळी उचलत नाही.