चेंडूचा टप्पा आणि सोसायटीतला निरोप: दोन्ही एकाच गणितानं कसे मोजावेत

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सातवीतली भाची ठाण्यात वर्तकनगरला आमच्याकडे राहायला आली होती. पॅसेजमध्ये टेनिसचा चेंडू सोडायची आणि टप्पे मोजायची. सात-आठ झाले की गोंधळायची. "मावशी, शेवटी शेवटी इतके भरभर पडतात की मोजताच येत नाहीत. एकूण किती पडतात गं?" त्याच आठवड्यात सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याचं खत करायचा विषय तिसऱ्यांदा बारगळला होता आणि मी त्यानं खट्टू होते. दोन्ही प्रश्न आम्ही एकाच वहीत मांडले. तुम्हालाही घरी करता येईल असं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गुणक काढा

शिवणकामाची टेप चिकटपट्टीनं भिंतीला उभी लावा, शून्य जमिनीला टेकवून. चेंडूचा तळ १०० सेंमीच्या रेषेवर धरा आणि चेंडू नुसता सोडा, खाली ढकलू नका. मोबाइल स्लो-मोशनवर ठेवा, पण उभं राहून वरून चित्रण करू नका. उसळी जिथे पोचेल असं वाटतं, कॅमेरा त्याच उंचीवर हवा. नाहीतर टेपवरचा आकडा तिरका वाचला जातो. पहिल्या दिवशी आमची सगळी मोजमापं त्यामुळेच फुकट गेली.

पाच वेळा सोडा आणि सरासरी घ्या. आमची उसळी ५२ ते ५४ सेंमीच्या दरम्यान येत होती, सरासरी ५३. म्हणजे दर टप्प्याला उंची ०.५३ नं गुणली जाते. हाच आपला गुणक. टेनिसच्या नियमांत नेहमीचा चेंडू २५४ सेंमीवरून टणक जमिनीवर टाकला तर १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा असं आहे; भागून पाहा, ०.५३ ते ०.५८ येतं. गोखले रोडवरून आणलेला आमचा चेंडू जेमतेम पास झाला!

आता पुढचे टप्पे मोजण्याआधी अंदाज वहीत लिहा. हे मी आग्रहानं सांगते, कारण आकडा डोळ्यांसमोर आल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला आधीच ठाऊक होतं. दुसरी उसळी ५३ गुणिले ०.५३, म्हणजे २८. तिसरी १५. आम्हाला मिळाल्या २९ आणि १६. हा फरक चूक म्हणून खोडू नका. चेंडू हळू आदळला की त्याची ऊर्जा थोडी कमी वाया जाते, म्हणून गुणक किंचित वाढतो.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर असं: गणितात टप्पे संपतच नाहीत, पण दहाव्या टप्प्यानंतरची उसळी दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. डोळ्यांना दिसतात ते नऊ-दहाच. आणि न संपणाऱ्या या उसळ्यांची बेरीज मात्र संपते. पहिली उसळी घ्या आणि तिला, १ मधून गुणक वजा करून जे उरतं त्यानं भागा. ५३ भागिले ०.४७, सुमारे ११३ सेंमी. प्रत्येक उसळी वर आणि खाली, म्हणून दुप्पट २२६. त्यात सुरुवातीचे १०० मिळवले की चेंडूचा एकूण प्रवास सव्वातीन मीटरच्या आसपास. याला वेळ लागतो २.९ सेकंद. (टेप नसेल तर टप्प्यांचा आवाज रेकॉर्ड करा. टप्प्यांमधल्या लागोपाठच्या दोन वेळांचं गुणोत्तर आमच्याकडे ०.७३ आलं, त्याचा वर्ग केला की परत ०.५३.) भाचीनं स्टॉपवॉच लावून पाहिलं, तीन सेकंदांच्या आत सगळं शांत. अनंत टप्पे तीन सेकंदांत मावतात हे पाहून ती बराच वेळ गप्प बसली होती.

तोच भागाकार निरोपाला लावा

आता चेंडूच्या जागी निरोप धरा. "खत करायचंय, रविवारी गच्चीवर या." दहा घरांना तुम्ही सांगितलंत. ऐकलेलं प्रत्येक घर सरासरी किती नव्या घरांना सांगतं, तो इथला गुणक. समजा ०.८. मग एकूण घरं १० भागिले ०.२, म्हणजे ५०. गुणक ०.९ झाला तर १०० घरं. दहांतल्या एकानं आणखी एका शेजाऱ्याला सांगितलं, इतकाच फरक, पण पोच दुप्पट. आणि गुणक १ च्या वर गेला की निरोप थांबत नाही, ऐकायला नवी घरं उरेपर्यंत पसरतो. करोनाच्या काळात आपण रोज ऐकायचो तो 'आर', म्हणजे एक रुग्ण सरासरी किती नव्या लोकांना लागण करतो तो आकडा, हाच.

गुणक काढायला रविवारी आलेल्यांना दोनच गोष्टी विचारा: तुम्हाला कुणी सांगितलं, आणि तुम्ही कुणाला सांगितलंत. मात्र "नवं घर" हा शब्द विसरू नका. एकाच विंगमध्ये तेच घर चार जणांकडून ऐकतं, त्यामुळे गुणक हळूहळू खाली येतो.

ऐकणं वेगळं, करणं वेगळं

आमचं अडलं होतं ते इथे. निरोप सगळ्यांना पोचला होता, तरी ओल्या कचऱ्याची बादली कुणी वेगळी करेना. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली याचं फार सोपं गणित मांडलं. आपल्या आधी किती जणांनी केलं की आपण करू, असा प्रत्येकाच्या मनात एक आकडा असतो. शंभर माणसांचे आकडे ०, १, २ असे ९९ पर्यंत असतील तर एकामागून एक सगळे उठतात. त्यांतल्या १ आकड्याच्या माणसाचा आकडा २ करा: पहिला माणूस एकटाच उभा राहतो. माणसं जवळपास तीच, निकाल मात्र उलटा. म्हणून "आपल्या लोकांना कशाचं काही पडलेलं नाही" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. आकडे न विचारता असं म्हणू नये.

विचारायचं ते चिठ्ठीवर, सभेत हात वर करायला लावून नाही. इतरांचं ऐकून माणसं डोळ्यांना दिसणारंही नाकारतात, हे सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये नुसत्या रेघांची लांबी विचारून दाखवलं होतं. आमच्या विंगमध्ये २४ घरं. चिठ्ठ्यांतून आलं ते असं: ० लिहिणारी दोन, २ चं एक, ३ ची दोन, ५ चं एक, ८ ची सहा, १० ची पाच, १५ ची चार आणि "कधीच नाही" तीन.

आता खेळ मांडल्यासारखं पुढे चला. दोन घरं सुरू करतात, त्यामुळे २ वालं येतं, झाली तीन. मग ३ वाली दोन, झाली पाच. मग ५ वालं, झाली सहा. पुढचा आकडा ८. गाडी थांबली. पण ८ वाल्यांतली दोनच घरं आधी तयार झाली तर? आठ होतात, उरलेली चार येतात, बारा. मग १० वाली पाच, सतरा. मग १५ वाली चार, एकवीस.

चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, म्हणून जिन्यात विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांच्या समोरचं घर हो म्हणालं. अडचण बादलीला वास येईल ही होती. झाकणाची बादली आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पिशवी आम्ही नेऊन दिली.

गणपतीपर्यंत १९ घरं झाली, २१ नाही. राहिलेल्या दोन घरी जाऊन विचारलं तर कळलं, १५ हा आकडा कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी लिहिला होता. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांना चिठ्ठी दिसलीच नव्हती. तुम्ही कराल तेव्हा चिठ्ठी त्यांच्याच हातात द्या.