पाऊस उघडल्यावर कुंडीला आणि वाफ्याला खत किती? माप, हिशेब आणि नेहमी होणाऱ्या चुका

परतीचा पाऊस ओसरला की गच्चीवरच्या आणि परसातल्या झाडांची खालची पाने पिवळी दिसू लागतात. चार महिने कुंडीच्या भोकातून पाणी वाहत असते आणि त्याबरोबर नत्रही (नायट्रोजन) निघून जाते, त्यामुळे झाडाला खत हवे असते हे खरे. पण खताने मुळे करपतात तीही याच दिवसांत. ऑक्टोबरच्या उन्हात कुंडीतले पाणी झपाट्याने उडते, क्षार मात्र मातीतच राहतात. सकाळी सौम्य वाटलेले खताचे पाणी दुपारपर्यंत मुळांभोवती तीव्र झालेले असते.

खत हातात घेण्याआधी पिवळेपणा नीट पाहा. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. काळ्या चुनखडीच्या मातीत हे हमखास दिसते आणि तिथे युरिया घालून काहीच साधत नाही. सगळेच झाड मलूल आणि माती चिकट, आंबूस वासाची असेल तर आधी कुंडीचे भोक मोकळे करा, खत नंतर.

वाफ्याचा हिशेब

शेतीच्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणून हेक्टरी किलोच्या आकड्याला १० ने भागले की दर चौरस मीटरला लागणारे ग्रॅम मिळतात. बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅशियम) लागते. म्हणजे चौरस मीटरला १०, ५ आणि ५ ग्रॅम. ही अन्नद्रव्ये झाली, पिशवीतले खत नव्हे. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. युरियात ४६ टक्के नत्र असते, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश.

दहा फूट बाय चार फुटांचा वाफा घ्या. ४० चौरस फूट म्हणजे साधारण ३.७ चौरस मीटर. त्याला नत्र ३७ ग्रॅम आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी साडेअठरा ग्रॅम हवे. खताच्या भाषेत युरिया ८० ग्रॅम, सुपर फॉस्फेट ११५ ग्रॅम, पोटॅश ३० ग्रॅम, तेही पूर्ण हंगामासाठी. सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया लावणीच्या वेळी मातीत मिसळा. उरलेल्या युरियाचे २०-२० ग्रॅमचे दोन हप्ते करा. पहिला महिन्याने, दुसरा फुले लागताना. तीन पिशव्या आणायच्या नसतील तर १५:१५:१५ चे (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १५ टक्के) मिश्रखत १२५ ग्रॅम लावणीला द्या आणि नंतर तेवढाच ४० ग्रॅम युरिया दोन हप्त्यांत द्या. हिशेब जवळजवळ तोच येतो.

युरिया कोरड्या मातीवर वरून फेकू नका. तो अमोनिया होऊन उडतो, चुनखडीच्या जमिनीत तर अधिकच. वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी) असताना झाडापासून चार बोटे लांब चर काढून त्यात द्या, मातीने झाका आणि लगेच हलके पाणी द्या.

कुंडीचा हिशेब वेगळा का?

मिरची शेतात ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावली तर एका झाडाच्या वाट्याला ०.२७ चौरस मीटर जमीन येते. वरच्या वीतभर थराचीच माती धरली तरी ती पन्नासेक लिटर भरते. तेवढ्या जागेला हंगामभरात २.७ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम युरिया लागतो. आता तेच झाड १२ इंची कुंडीत लावा. तिच्यात १२ ते १४ लिटर माती मावते. झाडाची भूक तेवढीच, पण खत धरून ठेवणारी माती पाव हिश्शावर आली. चहाचा एक चमचा युरिया शीग भरून घातला की हंगामाचा सगळा कोटा एका दिवसात त्या पाव हिश्शात जाऊन पडतो. मग पानांच्या कडा जळल्या तर नवल नाही.

म्हणून कुंडीसाठी एकच सूत्र धरा: हंगामात एकूण किती द्यायचे ते झाड ठरवते, एका वेळी किती द्यायचे ते माती ठरवते.

कुंडीत माती किती मावते याचा अंदाज इंचांवरून करू नका; त्याच मापाच्या कुंड्या उथळही मिळतात. रिकाम्या कुंडीत प्लास्टिकची पिशवी घाला आणि मातीच्या रेघेपर्यंत लिटरच्या बाटलीने पाणी मोजून भरा. नेहमीची ८ इंची कुंडी साधारण ४ लिटरची भरते, १० इंची ७ ते ८ लिटरची.

कुंडीला दाणेदार खतापेक्षा १९:१९:१९ सारखे पूर्ण विरघळणारे खत सोयीचे. प्रमाण लिटरला १ ग्रॅम ठेवा. १२ इंची कुंडीला असे १ लिटर पाणी दर दहा दिवसांनी द्या. १० इंचीला ६०० मिलिलिटर, ८ इंचीला ३०० मिलिलिटर. एका लिटरमधून ०.१९ ग्रॅम नत्र जाते, त्यामुळे साडेचार-पाच महिन्यांत मिरचीचा २.७ ग्रॅमचा हिशेब बरोबर भरतो. लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण शेतातल्या फवारणीचे आहे. ते कुंडीच्या मातीत ओतू नका.

एक ग्रॅम मोजायचा कसा?

स्वयंपाकघरातला वजनकाटा १-२ ग्रॅमला भरवशाचा नसतो. त्यावर ५० ग्रॅम मात्र व्यवस्थित मोजता येते. तेव्हा ५० ग्रॅम १९:१९:१९ थोड्या पाण्यात विरघळवा आणि पाणी घालून एकूण १ लिटर करा. या द्रावणाच्या २० मिलिलिटरमध्ये बरोबर १ ग्रॅम खत असते. औषधाच्या बाटलीवरच्या खुणा असलेल्या मापाने २० मिलिलिटर घ्या आणि एक लिटर पाण्यात मिसळा. द्रावण दोन आठवड्यांत संपवा, सावलीत ठेवा, बाटलीवर नाव लिहा. ते सरबताच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. घरात लहान मुले असतील तर कुलपात ठेवा. कॅल्शियम नायट्रेट याच बाटलीत मिसळले तर तळाशी पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही खते वाया जातात. ते वेगळ्या दिवशी द्या.

चमच्यानेच मोजायचे असेल तर ५ मिलिलिटरचा चमचा घ्या आणि सुरीने सपाट करा. सपाट चमच्यात युरिया ४ ग्रॅमच्या आत भरतो, डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) आणि पोटॅश ५ ग्रॅमच्या आसपास. पण युरिया हवेतली ओल ओढतो आणि पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी गोळे धरते. अशा खताला हे आकडे लावू नका. आपल्याकडच्या खताचे दहा सपाट चमचे एकत्र वजन करा आणि दहाने भागा. चिमूट आणि मूठ ही मापे गांडूळखताला चालतात, रासायनिक खताला नाही.

शेणखत आणि गांडूळखतात चूक सहसा पोटात घालता येते. १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी चाळलेले गांडूळखत पुरे. निंबोळी पेंड मात्र २०-३० ग्रॅमच्या वर नको आणि ती मातीत मिसळून द्या. वर पसरलेली पेंड भिजली की बुरशी धरते. हाडांचा चुरा वरून टाकून उपयोग नाही, कारण स्फुरद मातीत फारसे खाली सरकत नाही. कुंडी भरतानाच मुळांच्या थरात मिसळा.

जास्त झाले तर

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर, पानांची टोके तपकिरी, कळ्या गळणे आणि माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकणे, या खुणा दिसल्या की खत थांबवा. पांढरा थर खरवडून काढा. खालची ताटली काढून टाका, नाहीतर निथळलेले खारे पाणी माती परत शोषून घेते. मग कुंडीतल्या मातीच्या दुप्पट पाणी, म्हणजे १२ इंची कुंडीला सुमारे २५ लिटर, तीन वेळा थांबून-थांबून ओता. पुढचे तीन आठवडे फक्त साधे पाणी द्या. मान टाकलेल्या झाडाला «ताकद यावी» म्हणून पुन्हा खत देणे हेच बहुतेक कुंड्यांचे मरण ठरते.

या महिन्यात कोणाला काय

गुलाबाची छाटणी झाल्यावर लगेच फक्त गांडूळखत आणि पेंड द्या; १९:१९:१९ फुटवे दोन-तीन इंचांचे झाल्यावर सुरू करा, कारण पानेच नसताना झाड ते घेणार कशाने? शेवंतीला कळ्या रंग दाखवू लागल्या की खत बंद. मेथी-कोथिंबिरीच्या ट्रेला मातीतले गांडूळखतच पुरते, पालकाला प्रत्येक कापणीनंतर एकदा लिटरला १ ग्रॅमचे पाणी द्या. मोगरा थंडीत विसावतो, त्याला छाटणीनंतर नवी फूट येईपर्यंत काही देऊ नका. तुळशीला निम्मे प्रमाण, महिन्यातून एकदा. आणि नुकत्याच बदललेल्या कुंडीतल्या कोणत्याही झाडाला पहिले तीन आठवडे विरघळणारे खत नाही. बाकी कोणालाही खत देताना आधी कुंडीला साधे पाणी द्या, माती ओलसर झाली की तासाभराने खताचे पाणी. कोरड्या मातीत ते थेट ओतले तर लिटरला १ ग्रॅमही मुळांना जाचते.